कावळा नाक्यावर चपला काढल्या तेव्हा

गेल्या मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी पावणेअकरा. ठिकाण कोल्हापूरचा कावळा नाका, घोड्यावरच्या महाराणीच्या पुतळ्यापाशी. माझ्या खिशात सहा हजार रुपये. हजर माणसं सहा: मी, माझी मुलगी, तिला बघायला आलेला मुलगा, त्याचे वडील, त्याची आत्या आणि त्यांनी भाड्यानं केलेल्या गाडीचा ड्रायव्हर. माझी बायको आली नव्हती. ती का आली नव्हती, ते पुढं येईल.

मुलगी अठ्ठावीस वर्षांची. एका लॅबमध्ये रक्त तपासते. नऊ वर्षांची असताना शाळेच्या पायऱ्यांवरून पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण तो पाय वाढीत मागं राहिला. फरक पाऊण इंचाचा. मी स्वतः पट्टीनं मोजलाय, दोनदा. मी एका फाउंड्रीच्या भांडारात नोकरीला आहे. आलेला माल मोजल्या-तोलल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही माझी सवय. डाव्या तळाला जाडी लावलेला बूट घातला की मुलगी सरळ चालते. अनवाणी चालली की लंगडते, आणि ते लपत नाही.

आधी चार स्थळं आली होती. चारही वेळा मी पहिल्याच फोनवर पायाचं सांगितलं. चारही जण येऊन, पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून गेले. एकानं तर जाताना दारात थांबून, पुढच्या पिढीत असलं काही उतरत नाही ना, असं विचारलं. पडून मोडलेलं हाड पुढच्या पिढीत कसं उतरेल? पण मी हात जोडून "नाही नाही" म्हणालो.

पाचवं स्थळ नेसरीचं. मुलगा पुण्यात कंपनीत, गावाकडं शेती, आई नाही, घरात वडिलांच्या थोरल्या बहिणीचा शब्द चालतो. माझ्या ओळखीच्या एकानं सुचवलं. या वेळी मी पायाचं सांगितलं नाही. एकदा बघू दे, बोलू दे, मुलगी मनात भरू दे, मग सांगू, असा विचार केला. मुलीची मात्र एकच अट होती.

"पप्पा, पायाचं त्यांना आधी सांगायचं. सांगितलं नसेल तर मी येणार नाही."

"सांगितलंय," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"काही नाही. चालतंय म्हणाले."

हे मी आमटी-भात कालवता कालवता बोललो. मान वर केली नाही.

नंतर मुलाचे तिला दोन फोन आले. दुसरा बराच वेळ चालला. ती गच्चीत फेऱ्या मारत बोलत होती. फोन ठेवून खाली आली आणि आईला म्हणाली, "त्यानं पायाचा विषय एकदाही काढला नाही. आधीचे चार त्याच्याशिवाय दुसरं काही बोलायचेच नाहीत. माणूस चांगला आहे गं." बायकोनं मला हे स्वयंपाकघरात सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. मी "बरं झालं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी मुलगी बाजारात जाऊन साडी घेऊन आली. आधीच्या चार वेळी तिनं कपाटातलीच कुठलीतरी नेसली होती.

आता अडचण अशी होती की घरी बोलावलं तर अनवाणी चालावं लागणार. पोह्यांची ताटली घेऊन आतल्या खोलीपासून सोफ्यापर्यंत चौदा पावलं. अंबाबाईच्या देवळात गेलो तरी चपला बाहेरच. मग मला पुतळा सुचला. मुलाच्या वडिलांना इतिहासाचं वेड आहे हे कळलं होतं. त्यांना फोन केला. म्हटलं, "घोड्यावरच्या महाराणीपाशी भेटू. पाच-दहा मिनिटं उभ्या उभ्या बघू, मग हॉटेलात जेवायला जाऊ." पुतळ्यापाशी माणसं चपला घालूनच उभी राहतात, फोटो काढतात, जातात. हॉटेलातही पाय टेबलाखाली, चपलेतच. पसंती झाली की महिनाभरानं सावकाश सांगता येईल, असा माझा हिशेब.

बायको म्हणाली, "चौकात पोरगी दाखवायची? मी न्हाई येत." मी आग्रह केला नाही. ती आली असती तर बोलता बोलता पायाचं निघालं असतं.

बूट साडीखाली उठून दिसतो, म्हणून मी एका म्हाताऱ्या कारागिराकडून चपला करून घेतल्या. बाहेरून दोन्ही तळ सारखेच जाड. डावीचा तळ भरीव. उजवीचा आतून खोदलेला, म्हणजे पाय त्यात खाली बसतो. वरून पट्टे, गोंडे, वेणी, सगळं नेहमीच्या कोल्हापुरीसारखं. कारागिरानं माप घेताना मला विचारलं होतं, "पोरीला म्हाईत हाय न्हवं?" मी म्हटलं, "तिच्यासाठीच तर करतोय." घरी आणून भाजीच्या काट्यावर तोलल्या. डावी एकशे चाळीस ग्रॅमनं जड भरली. मुलीनं घालून आरशासमोर दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "पप्पा, भारी झाल्यात की ओ." तिला वाटलं, चांगल्या दिसाव्यात म्हणून केल्या. लपवायला केल्यात हे तिला कळायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी लपवायला काही उरलंच नव्हतं.

नेसरीकरांची गाडी पुतळ्याजवळ रस्त्याच्या कडेला थांबली. मुलाचे वडील उतरले आणि रस्त्याच्या पलीकडूनच त्यांनी महाराणीला हात जोडले. आत्याबाई मागून उतरल्या. नऊवारी, हातात पिशवी. मुलगा उंच, बुटात, घामेजलेला. मुलीनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. चार वाक्यं झाली: प्रवास कसा झाला, ऊन किती, पुण्याची खोली कितव्या मजल्यावर. ती सरळ उभी होती, सरळ चालत होती. आत्याबाई तिला वरपासून खालपर्यंत बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर नापसंती दिसत नव्हती. मी मनातल्या मनात हॉटेलात सांगून ठेवलेली सहा ताटं मोजली.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी बहिणीच्या पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा हार काढला.

"पावणं, गावाकडनं हार आणलाय. फाटक उघडं दिसतंय. चला, वर जाऊन घालू या."

रेलिंगचं फाटक खरंच उघडं होतं. आत माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता. मुलाचे वडील पायरीपाशी गेले आणि त्यांनी पायातलं काढून एका रेषेत ठेवलं.

"राहू द्या की," मी म्हणालो. "फरशी तापलीय. पाय भाजतील."

"म्हाराणीफुडं पायतान घालून जायाचं?" ते हसले. "आमच्या नेसरीत स्मारकापाशी बारकी पोरंबी अनवाणी जात्यात. सात घोडेस्वार पडलेत तिथं."

हे मला माहीत होतं. शाळेच्या सहलीत मी नेसरीला गेलो होतो आणि मास्तरांनी आम्हाला बाहेर रांगेत चपला काढायला लावल्या होत्या. मी घर धरलं, देऊळ धरलं, हॉटेल धरलं. माणूस नेसरीचा आहे हेच धरलं नाही.

आत्याबाईंनी चपला काढल्या. मुलगा एका पायावर तोल सांभाळत मोजे काढायला लागला. मी घाईनं म्हणालो, "हिला उन्हाचा त्रास होतो. ही इथंच सावलीत थांबेल."

"मला कुठला त्रास?" मुलगी म्हणाली. "मी पण येते की." आणि तिनं चपला काढून त्यांच्या चपलांच्या शेजारी ठेवल्या.

ती पायरी चढली आणि मुलाच्या बाजूनं चालायला लागली. एक खांदा खाली, एक वर. मुलाशी काहीतरी बोलत होती, हसत होती. मुलगा थांबला. ती दोन पावलं पुढं गेली आणि तो आला नाही म्हणून मागं वळली.

मुलाच्या वडिलांनी हार चौथऱ्याच्या पायाशी ठेवला, डोळे मिटले, उघडले. मागं काय झालंय ते त्यांना तेव्हा दिसलं.

"काय गं," आत्याबाई म्हणाल्या, "पायात काय रुतलं काय?"

"नाही आत्या. माझी चालच अशी आहे."

"अशी म्हंजे?"

"म्हणजे लहानपणी... तुम्हाला माहीत आहे की."

"आमाला काय म्हाईत हाय?"

मुलीनं मुलाकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी तेव्हा जे बोललो ते इथं शब्दशः लिहितो. मी म्हणालो, "मी ते तिच्यावर सोडलं होतं. दोघं फोनवर बोलत होते. मला वाटलं, तिनं सांगितलं असेल."

"मला काय बोलली नाही ती," मुलगा म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मुलीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगणार. तिनं सांगितलं नाही. माझ्याकडं बघत राहिली आणि तोंड मिटलं. मी बोललेलं मागं घ्यायला मला पुष्कळ वेळ होता. मी चष्मा काढून पुसला.

"म्हंजे पोरगीच लबाड," आत्याबाई म्हणाल्या. "तरीच म्हनलं चौकात कशापायी बोलवत्यात." आणि तरातरा पायरीपाशी जाऊन त्यांनी मुलीच्या चपला उचलल्या. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. हात वर-खाली केले. "आगं बया! हिकडं बग रं. ही दगडागत हाय आनि ही पोकळ. चपला न्हवं ही, सोंग हाय सोंग!" त्यांनी चपला भावाला दाखवल्या, मुलाच्या नाकासमोर धरल्या, मग फाटकापाशी आलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिल्या. "घे रं, तूबी बग."

ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी घेतल्या. त्याला काय करावं कळेना. उलट्या करून बघितल्या. "काम चांगलं केलंय," तो म्हणाला आणि परत दिल्या.

"घोडं बगा," आत्याबाईंनी वर हात केला. "एवढं लोखंडाचं धूड, दोन पायावं कसं उभारलंय. आनि आमच्या गळ्यात एका पायाचं बांदाय निगालते!"

पुतळा लोखंडाचा नाही. तेव्हासुद्धा हे माझ्या मनात आलं.

"आसूं दे, आक्का," मुलाचे वडील म्हणाले. "झालं ते झालं. चल, जाऊ."

"आसूं दे कसं? गावात गेल्यावं बायका इचारतील, किती लंगडती, तर काय सांगू? मला नीट बगू दे की. ए पोरी, एक फेरा मार बगू पुतळ्याभवती. आता चपल्याबिगर."

मुलगी जागची हलली नाही.

"सांगा की पावणं, पोरीला," आत्याबाई मला म्हणाल्या.

मला वाटलं, बघू देत. पाऊण इंच म्हणजे फार नाही. नीट बघितलं तर कदाचित त्यांना तेवढं वाटणार नाही. अजून जमेल. मी मुलीला म्हणालो, "चाल."

ती चालली. फरशी इतकी तापली होती की मी बुटात असून मला ते जाणवत होतं. मी बूट काढले नव्हते, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं. ती हळू चालत होती. घाई केली की जास्त लंगडते, म्हणून हळू. सिग्नलला एसटी थांबली होती, खिडक्यांतून माणसं बघत होती. माळ्यानं झाडांवरचा पाइप काढला आणि तिच्या पुढची फरशी भिजवत भिजवत तो मागं सरकत गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "लई हाय की. मला वाटलं जरा आसंल." मुलगा पायरीवर बसून मोजे घालत होता, तिच्याकडं पाठ करून.

फेरी पुरी झाली. मुलाचे वडील माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही.

"पावणं, फसवलंसा. पोरगी लंगडी हाय म्हनून राग न्हाई. आदी सांगटलं असतं तर आलोबी असतो, न्हाईतर घरीच बसलो असतो. आता गाडीचं भाडं तेवढं द्या. बत्तीसशे ठरलंय. आमी का म्हनून भरायचं?"

"बत्तीसशे?" मी म्हणालो. "नेसरी पंच्याऐंशी किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे सत्तर. पंधरा रुपये दर धरला तरी दोन हजार पाचशे पन्नास. ड्रायव्हरचा भत्ता तीनशे. दोन हजार आठशे पन्नास होतात."

"आन् थांबल्याचं?" ड्रायव्हर म्हणाला.

"थांबला किती? अर्धा तास. त्याचं वेगळं नसतं."

"सीझन हाय, साहेब. लग्नसराईत पंधरानं कोन येतंय?"

"मग पावती दाखव."

साडेतीनशे रुपयांचा फरक. मी त्यावर अडून राहिलो. लबाड ठरलोच होतो तर निदान हिशेबात खोटा पडू नये, असं काहीतरी डोक्यात होतं. मी बोटांवर मोजून दाखवत होतो, ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवाल्याला फोन लावून दर विचारत होता, मुलाचे वडील तोंड फिरवून उभे होते. या सगळ्या वेळात मुलगी फरशीवर उभी होती, कारण तिच्या चपला आत्याबाईंच्या काखेत होत्या. कधी हा पाय उचलायची, कधी तो. मला ते दिसत होतं.

ती खाली आली. आत्याबाईंसमोर उभी राहिली.

"आत्या, चपला देता का?"

"घे बाई. तुजं सोनं तुला." त्यांनी चपला खाली टाकल्या. एक पालथी पडली. मुलीनं ती पायानं सरळ केली, दोन्ही घातल्या, ड्रायव्हरपाशी गेली आणि पर्समधून मोबाईल काढला.

"कोड दाखवा."

"माझं आणि त्यांचं बोलणं चाललंय," मी म्हणालो. "अजून ठरलं नाही."

"लबाडी माझी आहे ना, पप्पा? मग भाडं पण माझं."

तिनं कोडवर मोबाईल धरला. ड्रायव्हरच्या मोबाईलनं मोठ्या आवाजात रक्कम सांगितली. आत्याबाईंनी भावाला विचारलं, "आलं न्हवं?" आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. मुलगा शेवटी बसला. दार ओढताना तिला म्हणाला, "तू बोलायला पाहिजे होतंस." तिनं मान हलवली, हो म्हणून.

ती रिक्षा करून एकटी कळंब्याला, घरी गेली. मी आधी हॉटेलला फोन करून ताटं रद्द केली आणि मग बस धरली.

तिच्या दोन्ही तळपायांना फोड आले होते. डाव्याच्या चवड्यावर मोठे, कारण अनवाणी चालताना तो पाय चवड्यावर पडतो. बायको मलम लावता लावता विचारत होती, काय झालं. मुलगी म्हणाली, "जमलं नाही." मी म्हणालो, "त्यांनी नकार दिला." दोघांचं उत्तर जुळलं.

तीन आठवड्यांनी त्या मुलाचा तिला फोन आला. बायको शेजारी भाजी निवडत होती. तिला एकच बाजू ऐकू आली. "नाही, रागावले नाही... हो, सांगायला पाहिजे होतं... विसरले मी." फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, काय विसरलीस? मुलगी म्हणाली, "पप्पांना विचार."

बायकोनं विचारलं. मी सांगितलं. सगळं, वर लिहिलंय तसंच, या क्रमानं. ती ऐकून उठली आणि भाजी चिरायला लागली. चिरता चिरता म्हणाली, "तो पुन्हा फोन करंल. आत्ता सांगा त्याला खरं. तुमच्या तोंडानं." माझ्याकडं नंबर होता. मी आज-उद्या केलं. त्याचा पुन्हा फोन आला नाही. मार्गशीर्षात त्याचं लग्न झालं, ओळखीच्यानं सांगितलं.

मुलगी माझ्याशी बोलते. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. स्थळाचं नाव मात्र काढू देत नाही, आणि मी काही सांगितलं की आईकडं बघून, "खरं काय गं?" असं विचारते. चेष्टेनं विचारते असं मी धरून चालतो.

गाडीभाड्याचे पैसे मी जूनच्या पगारात तिच्या खात्यावर पाठवले. संध्याकाळपर्यंत ते माझ्या खात्यावर परत आले. जुलैत पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. त्यानंतर पाठवले नाहीत. तेव्हा त्या रविवारचे तीन हजार दोनशे रुपये भरले ते मुलीनंच, नेसरीच्या ड्रायव्हरला, आणि माझे सहा हजार सहा हजारच राहिले. बसभाडं तेवढं गेलं.